इंजिन बदलू की काम करून घेऊ? ताई, आधी ते उघडून मोजा

पत्र असं आहे:

"काका, आमची २०१३ ची दहा टायरी ट्रकगाडी आहे, २५१८ मॉडेल, कमिन्स इंजिन, डिझेलचा साधा लाइन पंप. २०१८ ला सेकंडहँड घेतली. मिस्टर स्वतः चालवतात, हिशेब मी बघते. लासलगाव-पिंपळगावहून वाशीला कांदा, येताना खत नाहीतर पत्रा, महिन्याला साधारण सहा हजार किलोमीटर होतात. सहा-सात महिन्यांपासून गाडी ऑइल खाते, दर अडीचशे किलोमीटरला लिटरभर टाकावं लागतं. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या श्वासाच्या नळीतून, धूर येतो, सकाळी सायलेन्सरला निळसर दिसतो, आणि येताना भरलेली असली की कसारा घाटात पार पहिल्या गिअरवर येते. पाणी मात्र कमी होत नाही. अ‍ॅव्हरेज चारचं साडेतीनवर आलंय. मेस्त्री म्हणतात फुल काम करा, एक लाख साठ हजार. डीलरकडे कंपनीचं रिकंडिशन इंजिन, आपलं जुनं देऊन तीन लाख चाळीस हजार आणि वर्षाची वॉरंटी. मेस्त्रींच्या ओळखीचा एक जण अपघाताच्या गाडीचं चालू इंजिन एक लाख वीस हजारात बसवून देतो म्हणतो, तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. दीर म्हणतात विकून टाका, नवीन घ्या लोनवर. आमचं लोन आत्ता कुठे फिटलंय, परत हप्त्याची भीती वाटते. अजून चार-पाच वर्षं हीच चालवायची इच्छा आहे. मागच्या मालकाने एकदा इंजिनचं काम केलं होतं म्हणे, पावती काही नाही. काय करू?" — एक ताई, निफाड तालुका

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलीय. मागच्या मालकाने काम केलं होतं पण पावती नाही, ही. तुमचा सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर अडकलाय आणि त्याचं उत्तर ना मेस्त्रींकडे आहे ना डीलरकडे, ते इंजिनाच्या आत आहे. मी सव्वीस वर्षं इंजिनच्या बोअरिंगचं वर्कशॉप चालवलं, ट्रक-ट्रॅक्टरचे ब्लॉक (इंजिनचा सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) हेच रोजचं काम, आणि एवढ्या वर्षांत इंजिन न उघडता "हे गेलं, बदला" म्हणणारे आणि न उघडता "काही नाही होत, काम करून टाकू" म्हणणारे दोघंही सारखेच चुकताना बघितलेत. म्हणून माझं मत सरळ सांगतो, तुमच्या गाडीचं काम करून घेणंच बहुतेक बरोबर ठरेल, पण "बहुतेक" हा शब्द काढून टाकायला तुम्हाला पाच-सहा हजार खर्च करून आधी मोजमाप करून घ्यावं लागेल आणि तोपर्यंत कुणालाच अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही.

का ते समजून घ्या. तुमच्या इंजिनात, म्हणजे सहा सिलिंडरच्या ५.९ लिटर ६बीटीमध्ये, लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत घातलेली बदलता येणारी नळी, नसतो. टाटाचं जुनं ६९७ असतं ना, त्यात लायनर असतो, झिजला की काढा, नवा टाका, पुन्हा स्टँडर्ड पिस्टन. ६बीटीत तसं नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बिडात फिरतो. नवीन असताना बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, १०२ मिलिमीटर. झिजला की ब्लॉक बोअर मारून अर्धा मिलिमीटर मोठा करायचा आणि त्या साइझचा पिस्टन टाकायचा, याला वर्कशॉपमध्ये वीस साइझ म्हणतात, वीस थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, म्हणून. दुसऱ्यांदा झिजला तर एक मिलिमीटर, म्हणजे चाळीस साइझ. त्याच्या पुढे कंपनीचा पिस्टन नाही, मग ब्लॉक आणखी कापून आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, ठोकून परत स्टँडर्डला आणायचा. आता कळलं का पावतीचं महत्त्व? मागच्या मालकाने नुसत्या रिंगा आणि बेअरिंग बदलून त्याला "इंजिन काम" म्हटलं असेल तर तुमचा ब्लॉक अजून स्टँडर्डवर असू शकतो आणि तुमच्या हातात दोन साइझ शिल्लक आहेत. त्याने वीस केलं असेल तर एक शिल्लक. चाळीस केलं असेल तर सहाही सिलिंडरला स्लीव्ह, आणि मग मेस्त्रींचा एक लाख साठ हजाराचा आकडा तिथेच थांबणार नाही. मेस्त्रींनी हा आकडा ब्लॉक न बघता दिलाय, त्यांची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण आकडा अंदाजाचा आहे हे तुम्ही धरून चाला.

आणि उघडायच्याही आधी दोन गोष्टी बघून घ्या, कारण ऑइल खाणं आणि ब्रीदरचा धूर म्हणजे इंजिनच गेलं असं नसतं.

पहिली म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. हा इंजिनालाच लागलेला असतो, इंजिनच्याच ऑइलवर चालतो, त्याच्या रिंगा गेल्या की दाबलेली हवा मागे इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, शिरते आणि ब्रीदरमधून भसाभसा बाहेर येते, अगदी इंजिनचं ब्लो-बाय, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांच्या बाजूने खाली गळणं, असल्यासारखी. मिस्टरांना सांगा, हवेच्या टाक्या रिकाम्या करा, गाडी चालू करा, हवा भरताना ब्रीदरकडे बघा आणि हवा पूर्ण भरून वॉल्व्हने फस्स केलं की परत बघा. भरताना जोर जास्त आणि भरल्यावर एकदम कमी, असं दिसलं तर कॉम्प्रेसरवर संशय घ्या. टाकीच्या खालचा ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर काळं ऑइल आलं तर संशय पक्का. कॉम्प्रेसरचं काम इंजिनच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि हे न बघता इंजिन खोललेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत, बोअर बघितला तर होनिंगच्या, म्हणजे नव्या बोअरला घासून पाडतात त्या, रेषा अजून जिवंत, मालक बिचारा ट्रॅक्टरमध्ये ब्लॉक घालून चाळीस किलोमीटरवरून घेऊन आलेला.

दुसरी टर्बो, म्हणजे इंजिनला जास्त हवा दाबून देणारं यंत्र. टर्बोपासून, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढा. आत ऑइलचा हलका ओलसर थर चालतो, पण पाइप तिरपा केल्यावर ऑइल धारेने आलं तर टर्बोचं सील गेलंय, आणि निळसर धूर तिथूनच येत असू शकतो. इंजिन थंड असताना टर्बोचा पंखा बोटाने वरखाली हलवून बघा, पाती बॉडीला घासली तर बेअरिंग संपलं. फक्त एक लक्षात ठेवा, इंजिनचं ब्लो-बाय जास्त असलं की टर्बोचं ऑइल खाली उतरायला अडतं आणि चांगला टर्बोसुद्धा ऑइल टाकायला लागतो, म्हणून टर्बो ओला दिसला की लगेच नवा टर्बो घेऊ नका, ब्रीदरचं बघून मग ठरवा.

हे दोन्ही ठीक निघालं, तर गाडी पूर्ण गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. बारीक थरथरलं तर ठीक, उडून खाली पडलं तर रिंग-बोअर गेलेत. आणि ऑइलचं प्रेशर बघा, मीटरवर विश्वास नको, मेस्त्रींकडचं हातातलं गेज लावा. गरम इंजिनला आयडलवर साधारण पाऊण किलो आणि फुल रेसला दोन किलोच्या वर मिळालं तर क्रँक-बेअरिंगची बाजू अजून धरून आहे. तुम्ही पत्रात प्रेशरचं काहीच लिहिलं नाहीये, आणि मला ते सगळ्यात आधी हवं होतं, कारण प्रेशर चांगलं आणि फक्त ब्लो-बाय असेल तर खर्च वरच्या अर्ध्या भागात राहतो.

मग हेड काढायचं. ही वेळ अशी असते की तुम्ही स्वतः तिथे उभं राहा, मिस्टर तर असतीलच पण तुम्हीही जा, हिशेब तुमचा आहे. सिलिंडरच्या वरच्या काठाला, जिथे वरची रिंग जाऊन परत फिरते, तिथे नख लावून खालून वर ओढा. नख अडकलं की तिथे पायरी पडलीय, म्हणजे खालचा भाग झिजलाय आणि वरचा तसाच राहिलाय. ही झाली हाताची तपासणी, पण हातावर लाखाचा निर्णय करायचा नाही. बोअर गेज मागवा, घड्याळ लावलेलं असतं ते. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मधे आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, क्रँकच्या लांबीने आणि आडवं. सहा सिलिंडर, प्रत्येकी सहा आकडे, छत्तीस आकडे वहीत लिहून घ्या. वरच्या आणि खालच्या मापातला फरक ०.०७६ मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे तीन थाउ, डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा. दोन दिशांमधला फरक ०.०३८ च्या आत. त्याच्या पुढे गेलं की नुसत्या नव्या रिंगा टाकून फायदा नाही, गोल रिंग लंबगोल भोकात बसणार कशी? महिनाभर बरं वाटेल, मग परत तेच. मागच्या मालकाने बहुतेक हेच केलं असणार, असा मला दाट संशय आहे, कारण गाडी तुमच्याकडे सात-आठ वर्षं चालली हे खरं पण तुम्ही घेतली तेव्हा ऑइल किती खायची हे पत्रात नाही.

पिस्टनच्या डोक्यावर बघा, साइझ कोरलेली असते. काहीच नसेल तर स्टँडर्ड, नाहीतर ०.५० किंवा १.००. झाला तुमच्या हरवलेल्या पावतीचा शोध, एका मिनिटात.

ते छत्तीस आकडे एकमेकांशीही बोलतात. सहाही सिलिंडर सारखेच झिजलेत तर वय झालं किंवा धूळ आत गेली. एकच सिलिंडर इतरांपेक्षा दुप्पट झिजला असेल तर त्याचा इंजेक्टर काढून टेस्टवर लावा, नोझल गळत असणार, डिझेल भिंतीवरून वाहतं, ऑइलचा थर धुऊन टाकतं आणि तेवढंच सिलिंडर कोरडं घासतं. असं असताना बाकी सगळं नवं केलं आणि नोझल तेच ठेवलं तर वर्षभरात तोच सिलिंडर परत जाणार, आणि दोष बोअरिंगवाल्यावर येणार.

खालून चेंबर काढून दोन-तीन बेअरिंगच्या टोप्या उतरवा. बेअरिंगचा राखाडी थर शाबूत असेल तर छान, मधून तांब्याचा रंग दिसायला लागला तर बदलायची वेळ, आणि क्रँकवर नखाला लागेल अशी रेघ असेल तर ग्राइंड. क्रँकला ०.२५ पासून १ मिलिमीटरपर्यंत साइझ असतात, मोठ्या जर्नलचं (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मूळ माप ८३ आणि रॉडच्या जर्नलचं ६९, मायक्रोमीटर लावला की किती वेळा ग्राइंड झालाय ते कळतं. ब्लॉक आणि हेडची क्रॅक तपासणी करून घ्या, हेडला पाण्याच्या प्रेशरची टेस्ट. पाणी कमी होत नाही म्हणता म्हणजे आशा चांगली आहे.

आता निकाल. ब्लॉक स्टँडर्डला किंवा वीस साइझला निघाला, क्रॅक नाही, क्रँक एका ग्राइंडमध्ये साफ होतोय, तर डोळे मिटून काम करून घ्या. रिकंडिशन इंजिन घेऊन तुम्हाला जे मिळणार आहे ते जवळजवळ सगळं याच ब्लॉकमध्ये मिळेल आणि इंजिन नंबर तुमचाच राहील. ब्लॉक चाळीस साइझला निघाला पण क्रॅक नाही, तर स्लीव्हचा भाव वेगळा काढा, स्लीव्ह ठोकणं वाईट नाही पण ते सगळ्यांचं काम नाही, आधी दहा-वीस ६बीटी स्लीव्ह केलेल्या वर्कशॉपला द्या, नाशिकला द्वारका-आडगाव बाजूला विचारलंत तर ट्रकवालेच नाव सांगतील. ब्लॉक फुटलेला निघाला, किंवा क्रँकही संपलेला आणि ब्लॉकही चाळीसच्या पुढे, तर डीलरचं रिकंडिशन घ्या, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. पण त्यांना तीन प्रश्न आधी विचारा. पंप, टर्बो, वॉटर पंप सोबत येतात की आपलेच जुने चढवायचे? जुनं इंजिन परत घेताना ब्लॉक फुटका असेल तर किती कापणार? आणि वॉरंटी कामाच्या मजुरीला पण आहे की फक्त सामानाला? या तीन उत्तरांनी तीन लाख चाळीसचे चार लाखही होऊ शकतात.

अपघाताच्या गाडीचं इंजिन घेऊ नका. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. नव्वदच्या दशकात माझी स्वतःची एक गाडी होती, वर्कशॉपच्या जोडीला भाड्याने फिरायची, तिचं इंजिन ऐन सीझनला बसलं आणि मी, बोअर मारून देणारा माणूस, घाईत जुन्या बाजारातून चालू इंजिन घेतलं. तिथे चालू करून दाखवलं, आवाज गोड, धूर नाही, प्रेशर मस्त. आत जाड ऑइल भरलेलं होतं हे मला चाळीस दिवसांनी कळलं, इगतपुरीच्या अलीकडे रॉडने ब्लॉकला बाजूने भोक पाडलं तेव्हा. ड्रायव्हर वाचला, गाडी घाटाच्या उतारावर असती तर काय झालं असतं या विचाराने मला पुढे कितीतरी रात्री झोप लागली नाही. आणि ते संपतं न संपतं तोच दुसरं, इंजिनचा नंबर घासून परत ठोकलेला निघाला, आणि ते इंजिन माझ्याकडे कुठून आलं हे सांगत मी दीड महिना हेलपाटे घातले. अपघाताचं इंजिन असेलही चांगलं, पण ज्या अपघाताने गाडी भंगारात गेली त्याने ब्लॉकला बारीक चीर गेली नसेल कशावरून? शेवटी तेही तुम्हाला उघडूनच मोजावं लागणार, म्हणजे एक लाख वीस हजार देऊन तुम्ही परत तिथेच, फक्त दुसऱ्याच्या झिजलेल्या इंजिनसमोर.

इंजिन बदललंच, रिकंडिशन असो की काही, तर कागद विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो, त्यासाठी इंजिनचं बिल लागतं, चालू इंजिनवाला ते बिल देणार आहे का हे विचारून बघा, बहुतेक तिथेच बोलणं संपेल. आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असला की फिटनेसला गाडी अडते आणि देव न करो काही झालं तर इन्शुरन्सवाल्याला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे दरवर्षी पासिंग, दरवर्षी ती भीती. आणि लोन फिटलंय म्हणता, तर बँकेची एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवलाय ना? नसेल तर ते आधी करा, बदल चढवताना तिथेही अडतं.

आता पैशाचं, कारण तुम्ही हिशेब ठेवता आणि म्हणूनच हे पत्र मला आवडलं. महिन्याला सहा हजार किलोमीटर. चारच्या अ‍ॅव्हरेजला दीड हजार लिटर, साडेतीनच्या अ‍ॅव्हरेजला सतराशे चौदा, म्हणजे दोनशे चौदा लिटर जास्त, नव्वद रुपये धरले तर एकोणीस हजारांच्या वर. ऑइल अडीचशेला लिटर म्हणजे महिन्याला चोवीस लिटर, तीनशे रुपये लिटर धरलं तर सात हजार दोनशे. दोन्ही मिळून सव्वीस हजारांच्या पुढे तुम्ही महिन्याला आत्ताच इंजिनच्या कामाचा हप्ता भरताय, फक्त तो सायलेन्सरमधून जातोय. अ‍ॅव्हरेजचा सगळा फरक इंजिनाचा नसतो हे खरं, ब्रेक चिकटत असतील, टायरची हवा असेल, पंपाची सेटिंग असेल, म्हणून त्यातला निम्माच धरा. तरी महिन्याला सतरा हजार होतात, म्हणजे एक लाख साठ हजाराचं काम साधारण दहा महिन्यांत स्वतःचे पैसे फेडतं. रिकंडिशनला वीस महिने लागतील. तुम्हाला गाडी चार-पाच वर्षं ठेवायची आहे म्हणून दोन्ही परवडतं, पण सहा महिन्यांत विकायची असती तर मी म्हणालो असतो काही करू नका, आहे तशी द्या. कामाला बारा-पंधरा दिवस गाडी उभी राहील तेवढं भाडं बुडणार, ते वहीत खर्चाच्या बाजूला लिहा, मेस्त्री ते कधी सांगत नाहीत.

दीरांचं म्हणणंही चुकीचं नाही, ते तुमच्या काळजीनेच बोलतायत. पण नवीन गाडी म्हणजे बीएस-६, प्रदूषणाच्या नव्या नियमांची, युरियाची वेगळी टाकी, सेन्सर, आणि काही बिघडलं तर लॅपटॉप लावल्याशिवाय हलत नाही, गावच्या मेस्त्रीच्या हातातली ती गाडी नाही. भाडं पक्कं असेल, वर्षभराचा करार असेल तर नवीन जरूर घ्यावी. कांद्याचं भाडं बाजारावर नाचतं, निर्यातीचा एक निर्णय आला की लासलगावला गाड्यांची रांग उभी राहते हे तुम्हाला मी काय सांगणार, त्याच्यावर मोठा हप्ता बांधायला माझं मन होत नाही. एक मात्र बघून ठेवा, २०२८ ला तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होतात आणि पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांची फिटनेसची फी सरकारने चांगलीच वाढवलीय. आरटीओत जाऊन आजचा आकडा विचारा आणि चार-पाच वर्षांच्या हिशेबात तो धरा.

आता जे सगळ्यात जास्त राहून जातं ते. इंजिन झिजलं का, याचं कारण न शोधता काम केलं तर नवीन बोअरही त्याच वाटेने जाणार, कंपनीचं रिकंडिशन टाकलं तरी तेच. मार्केट यार्डातली धूळ तुम्ही रोज बघता. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप काढून आतून बोट फिरवा. बोटाला नुसती धूळ लागली तरी पुरे, ती फिल्टरच्या पुढची आहे, म्हणजे सरळ सिलिंडरमध्ये जाणारी. क्लिप सैल, पाइपला चीर, किंवा फिल्टर हवेने झटकून झटकून कागदाला भोक, या तीनपैकी एक असतंच. मी एकदा एका ब्लॉकबरोबर तो पाइप पण मागवला होता, चिरेला सायकलचं ट्यूब गुंडाळून तार बांधलेली, आणि ब्लॉक सहाही सिलिंडर सारखा खाल्लेला. शंभर-दोनशे रुपयांची क्लिप आणि एक पाइप, त्यापायी सहा बोअर. दुसरं म्हणजे पाणी. तुमच्याकडे रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी टाकत असाल तर थांबवा, क्षार बसतो, घाटात गाडी तापते, आणि तापलेलं इंजिन ऑइल पातळ करतं. रेडिएटर खोलून साफ, थर्मोस्टॅट नवा, आणि कूलंट.

काम देताना मेस्त्रींशी लिहून घ्या, भांडायला नाही, दोघांच्याही डोक्यात एकच यादी राहावी म्हणून. पिस्टन-रिंग कोणत्या कंपनीचे, बेअरिंग कोणते, ऑइल पंप आणि वॉटर पंप नवे की जुने, हेडचं फेसिंग आणि गाइड, पंप टेस्ट बेंचवर आणि सहाही नोझल टेस्टवर, ब्लॉकच्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रशने साफ. हे शेवटचं लोक टाळतात आणि बोअर मारताना पडलेला भुगा त्या वाटांतून नव्या क्रँकवर जातो. सामानाचे डबे सीलबंद तुमच्यासमोर फोडायचे आणि जुने पार्ट पोत्यात भरून परत घ्यायचे, सगळे, पिस्टनसकट. बोअर मारून आल्यावर परत गेज लावून सहा आकडे वहीत. मशीन शॉपची पावती, त्यावर साइझ लिहिलेली, आरसीच्या फाइलमध्ये लावा. तुमच्यानंतर ही गाडी घेणाऱ्याला तुमच्यासारखं पत्र लिहावं लागणार नाही.

आणि इंजिन चालू झाल्यावर कुणी म्हणेल रात्रभर आयडलवर ठेवा, रिंगा बसतील. ठेवू नका. आयडलवर सिलिंडरमध्ये पुरेसं प्रेशरच होत नाही, रिंगा भिंतीला दाबल्या जात नाहीत, बोअरवर चकाकी धरते आणि ऑइल खाणं कायमचं मागे लागतं. गळती बघायला दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग सरळ रस्त्याला काढा, अर्धा लोड भरून, रेस कमीजास्त करत, घोटी-सिन्नर रस्ता त्याला चांगला. पहिले हजार किलोमीटर फुल लोड आणि कसारा घाट नको. हजारला ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे वॉल्व्ह थंड इंजिनवर परत सेट करा, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१. ऑइल १५ डब्ल्यू ४० चांगल्या कंपनीचं, ओळखीच्या दुकानातून, सुटं नको.

पहिले दोन-तीन हजार किलोमीटर थोडं ऑइल जाईल, घाबरू नका, तुमच्या वहीत दर पाचशेला लिहीत राहा, आकडा खाली खाली यायला हवा. हेड उघडलं की पिस्टनवरची साइझ आणि ते छत्तीस आकडे मला पाठवा, बेअरिंगचे फोटोही काढा उजेडात. ते आल्यावर आपण मेस्त्रींच्या एक लाख साठ हजारात काय बसतं आणि काय बसत नाही ते एक एक करून बघू.